शंख कुठे वाजला? बातमीतला प्रचार ओळखण्याविषयी

एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: 'आमच्या घरात वडील आणि धाकटा भाऊ वेगवेगळ्या वाहिन्या पाहतात, वेगवेगळे फॉरवर्ड पाठवतात आणि रात्री जेवताना एकमेकांना "तुम्ही प्रचाराला बळी पडलात" असे सुनावतात. वर्गातली नववीची मुलेही मला हेच विचारतात. बातमी कुठे संपते आणि प्रचार कुठे सुरू होतो, हे ओळखण्याची काही रीत आहे का?'

मी सत्तावीस वर्षे मराठी दैनिकांच्या डेस्कवर काढली. दुसऱ्यांच्या बातम्या कापल्या, मथळे दिले, पाने लावली. आता पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना पडताळणी शिकवतो. त्या अनुभवावरून सांगतो की रीत आहे, पण बहुतेकांना वाटते ती नव्हे. बहुतेक जण प्रचार ओळखायचा म्हणून त्यातले खोटे शोधू लागतात आणि खोटे सापडले नाही की निश्चिंत होतात. मुरलेला प्रचारक मात्र होता होईल तो खोटे बोलतच नाही, कारण खोटे कधीतरी पकडले जाते. खऱ्या गोष्टींतून हव्या तेवढ्या उचलणे, त्या हव्या त्या क्रमाने मांडणे आणि उरलेल्या ऐकूच येऊ नयेत अशी व्यवस्था करणे, हे त्याचे काम असते.

आपल्याकडे हे नवे नाही. 'अश्वत्थामा मेला' हे युधिष्ठिराचे वाक्य खरे होते. त्या नावाचा हत्ती भीमाने मारला होताच. 'नरो वा कुंजरो वा' हा उरलेला भागही तो बोलला, पण कीर्तनकार सांगतात त्याप्रमाणे नेमक्या त्याच क्षणी शंख फुंकला गेला आणि द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. द्रोण काही भोळे नव्हते, त्यांनी मुद्दाम खोटे न बोलणाऱ्या माणसालाच विचारले होते. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की वाक्य खरे की खोटे हे तर तपासाच, पण त्याआधी शंख कुठे वाजला ते पाहा.

आता एक आपल्या मातीतले उदाहरण घेऊ. १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ते मंगळवेढ्याकडून पोटासाठी तिकडे गेलेले होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरून महाराष्ट्रातच नव्हे तर देशभर पसरली होती. त्या काळात सर्वांत जास्त फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीत मोटारसायकलवरून आलेले दोघे जण गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसतात. ही फीत कोणी संगणकावर बनवलेली नव्हती. कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेला तो जनजागृतीपट होता आणि मूळ फितीच्या शेवटी तेच मोटारसायकलस्वार मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवून मूल पळवायला किती कमी वेळ लागतो ते सांगतात. कोणीतरी हा शेवट कापला. एकही चौकट (फ्रेम) बदलली नाही, फक्त कात्री चालवली. शेवटचे काही सेकंद गेले आणि सावध करणारा संदेश माणसे मारायला लावणारा झाला. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, पण कापलेला शेवट परत जोडणे कोणत्याही मर्यादेच्या हातात नव्हते.

कात्री वृत्तपत्रातही चालते, फक्त तिथे ती शब्दांची असते आणि ती कशी चालते हे आम्ही डेस्कवाले सवयीने विसरतो. समजा, एका मोर्च्यावर पोलिसांनी गोळी झाडली आणि दोन माणसे गेली. त्याच रात्री तीन दैनिकांत तीन मथळे लागू शकतात: 'मोर्च्याला हिंसक वळण, दोघांचा मृत्यू', 'दगडफेकीनंतर पोलिसांचा गोळीबार, दोन ठार' आणि 'पोलिसांच्या गोळीबारात दोन मोर्चेकरी ठार'. दगडफेकही झाली असेल आणि गोळीबारही, तर तिन्ही मथळे एकाच वेळी खरे आहेत. पण पहिल्यात गोळी झाडणारा कुठेच नाही. वळण घेतले ते मोर्च्याने आणि मृत्यू आपोआप झाला. दुसऱ्यात 'नंतर' या निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दाने घटनांचा क्रम सांगता सांगता कारणही सांगून टाकले आहे. तिसऱ्यात कर्ता आहे, पण दगड नाहीत. मराठीचे भावे आणि कर्मणी प्रयोग कर्त्याला लपवायला फार सोयीचे आहेत आणि म्हणूनच 'कारवाई करण्यात आली', 'आदेश देण्यात आले', 'चूक झाली' अशी वाक्ये सरकारी प्रसिद्धिपत्रकांत भरपूर सापडतात. वर्गात मी मुलांना एकच काम देतो: मथळ्यातले क्रियापद पकडा आणि त्याला 'कोणी?' असे विचारा. उत्तर मथळ्यात नसेल तर बातमीत शोधा, आणि बातमीतही नसेल तर तिथे शंख वाजला आहे असे समजा.

बोलण्याच्या क्रियापदांचेही असेच आहे. ज्याच्यावर दैनिकाची मर्जी असते तो 'स्पष्ट करतो' किंवा 'ठणकावून सांगतो'. ज्याच्यावर नसते तो 'दावा करतो', 'गळा काढतो' आणि फारच नकोसा असेल तर 'बरळतो'. तिघांचे मूळ वाक्य एकच असू शकते. एक नेता काय बोलला हे कळण्याआधीच त्याच्याविषयी काय वाटून घ्यायचे ते आपल्याला कळवलेले असते. 'सूत्रांच्या माहितीनुसार' आणि 'असे बोलले जात आहे' या दोन वाक्खंडांविषयी मी वेगळे सांगायला नको. बोलणारे कोण, किती आणि त्यांचा यात काय फायदा, हे न सांगता सांगण्याची ती सोय आहे. आणि मथळ्याच्या शेवटी येणाऱ्या प्रश्नचिन्हाला आम्ही डेस्कवर खासगीत 'वकील' म्हणत असू. 'पाणीयोजनेत कोट्यवधींचा घोळ?' असे छापले की घोळ वाचकाच्या मनात जातो आणि उद्या कोणी जाब विचारलाच तर वकील उभा असतो की आम्ही तर फक्त विचारले.

यात मी साव असल्याचा आव आणत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा एका रात्री पहिल्या पानासाठी एक छायाचित्र माझ्याकडे आले. गळ्यापर्यंत पाण्यात उभा असलेला जवान म्हाताऱ्या बाईला खांद्यावर घेऊन चालला आहे, असे ते दृश्य होते आणि दिवसभर पुराच्या बातम्या वाचून मन भरून आलेल्या माणसाला त्याहून योग्य छायाचित्र सुचणे शक्य नव्हते. ते मी लावले. पान छपाईला सोडण्याआधी पान लावणाऱ्या मुलाने ते मोठे करून पाहिले आणि डाव्या कोपऱ्यातल्या बुडालेल्या दुकानाच्या पाटीवर बोट ठेवले. अक्षरे मल्याळम होती. ते छायाचित्र आदल्या वर्षीच्या केरळच्या पुरातले निघाले. मला फसवण्याचा कोणाचा हेतू नसेलही, पण मी ते का तपासले नाही याचे उत्तर मला अजून टोचते: ते खरे असावे असे मला मनापासून वाटत होते. प्रचाराचे पहिले लक्षण संदेशात शोधण्याआधी आपल्या छातीत शोधावे, असे मी म्हणतो ते यामुळे. एखादी गोष्ट वाचताच 'बघा, मी म्हणत नव्हतो!' असे वाटले किंवा तळपायाची आग मस्तकात गेली, तर ती गोष्ट खोटी आहे असे नव्हे. पण तपासण्याची आपली ताकद त्या क्षणी सर्वांत कमी असते, एवढे नक्की, आणि प्रचार करणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

भावनेवर बेतलेल्या प्रचाराचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण अमेरिकेतले आहे. १० ऑक्टोबर १९९० रोजी, इराकने कुवेत बळकावल्यानंतर दोन महिन्यांनी, वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसद सदस्यांच्या मानवी हक्कविषयक गटापुढे पंधरा वर्षांच्या एका मुलीने रडत साक्ष दिली. इराकी सैनिकांनी रुग्णालयात घुसून काचपेट्यांतली तान्ही बाळे बाहेर काढली आणि त्यांना थंड फरशीवर मरायला सोडले, हे आपण डोळ्यांनी पाहिले, असे तिने सांगितले. घरच्यांच्या सुरक्षेसाठी म्हणून तिचे केवळ 'नाइरा' एवढेच नाव जाहीर केले गेले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ही कहाणी पुढच्या महिन्यांत भाषणांतून वारंवार सांगितली, जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४७ अशा निसटत्या मतांनी युद्धाला संमती दिली आणि त्या चर्चेतही या बाळांचा उल्लेख झाला. जानेवारी १९९२ मध्ये, युद्ध संपून जवळजवळ वर्ष झाल्यावर, उघड झाले की ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूतांची कन्या होती आणि तिची साक्ष कुवेत सरकारच्या पैशावर चालणाऱ्या मोहिमेसाठी 'हिल अँड नोल्टन' या जनसंपर्क कंपनीच्या मदतीने उभी केली गेली होती. बाळांच्या कहाणीला नंतरच्या चौकशांत आधार मिळाला नाही.

या प्रकरणावरून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे, कुवेतवरचा हल्ला खरा होता आणि तिथे इराकी सैन्याने अत्याचारही केले होते. मोठी गोष्ट खरी असली की तिच्या पोटातली प्रत्येक छोटी गोष्ट आपण न तपासता स्वीकारतो. दुसरी म्हणजे, साक्षीदार कोण आहे, हे विचारणे त्या खोलीत निर्दयपणाचे वाटले असते. रडणाऱ्या मुलीला 'तुझे आडनाव काय?' असे कोण विचारणार? प्रश्न विचारणेच पाप वाटेल अशी मांडणी जिथे दिसेल, तिथे प्रश्न विचारण्याची गरज सर्वांत जास्त असते.

तंत्रांची नावे पाठ करावीत का, असे नववीची मुले तुम्हाला विचारतील, कारण पुस्तकांत ती असतात. १९३७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अ‍ॅनालिसिस' नावाची संस्था निघाली आणि तिने शाळांसाठी सात तंत्रे सांगितली: शिक्का मारणे, गोंडस मोघम शब्द वापरणे, आदरणीय गोष्टीचे वलय आपल्याकडे ओढणे, प्रसिद्ध माणसाची साक्ष काढणे, 'मी तुमच्यातलाच' असे दाखवणे, सोयीची पाने तेवढी पुढे करणे आणि 'सगळेच निघाले, तुम्ही कशाला मागे' असे भासवणे. यादी आजही उपयोगी आहे. दूरचित्रवाणीवरची कोणतीही एक चर्चा ऐकताना मुलांनी सातांपैकी किती खुणा पडल्या ते मोजावे. पण यादीचा एक तोटा मी पाहिला आहे. ती शिकलेला माणूस आधी दुसऱ्याच्या बोलण्यावर ती चालवतो आणि 'हा प्रचार आहे' हाच एक नवा शिक्का तयार होतो, जो तुमचे वडील आणि भाऊ एकमेकांवर मारत आहेत. त्या संस्थेचेही असेच झाले. अमेरिका महायुद्धात उतरण्याच्या सुमारास ती बंद पडली, कारण शत्रूचा प्रचार उलगडून दाखवणे सर्वांना हवे होते, आपल्या सरकारचा नको होता.

तसे 'प्रचार' या आपल्या शब्दात मुळात काही वाईट नाही. गाडगेबाबांनी स्वच्छतेचा प्रचारच केला. 'प्रोपगंडा' हा शब्दही धर्मप्रसारासाठी १६२२ मध्ये रोममध्ये स्थापन झालेल्या मंडळाच्या नावातून आला आणि मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत तर पोर्तुगिजांचे 'पाद्रोआदो' आणि रोमचे 'प्रोपगंडा' असे दोन पक्ष चर्चवर अधिकार कोणाचा यावरून दीर्घकाळ भांडत होते. उघड्या नावाने केलेला प्रचार वाईट नसतो. निवडणुकीचा ध्वनिवर्धक लावलेली रिक्षा दारावरून गेली की ती कोणाची आहे हे आपल्याला कळते. बातमीचे कपडे घालून येतो तो प्रचार घातक.

याचा नमुना महाराष्ट्राने २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पाहिला. तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे गुणगान करणारा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत जवळजवळ शब्दशः एकसारखा आणि बातमी म्हणून छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त दाखवून दिले. पैसे दिल्याचा आरोप संबंधितांनी नाकारला. पैसे घेऊन बातम्या छापण्याच्या सौद्याला 'पॅकेज' हा शब्द तेव्हा आमच्या धंद्यात सर्रास बोलला जाई. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये या विषयावर सविस्तर अहवाल तयार केला, पण तो संपूर्ण स्वरूपात लोकांपुढे यायला २०११ उजाडले. वाचकाने यातून घ्यायची युक्ती अगदी साधी आहे. संशय आला की मजकुरातले एक लांबलचक वाक्य उचलून अवतरणचिन्हांत इंटरनेटवर शोधावे. तेच वाक्य चार ठिकाणी चार लेखकांच्या नावावर सापडले, तर ते कोणत्या तरी पाचव्याच्या टेबलावर लिहिले गेले आहे.

युद्धाच्या काळात सगळी तंत्रे एकदम बाहेर पडतात आणि तपासणारा देशद्रोही ठरतो, म्हणून मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षाचा उल्लेख टाळता येत नाही. ८ मेच्या रात्री आपल्या अनेक वाहिन्यांनी कराची बंदरावर भारतीय नौदलाने हल्ला केल्याचे सांगितले. तसे काही झालेले नव्हते. स्टुडिओत हवाई हल्ल्याचे भोंगे इतके वाजू लागले की कार्यक्रमांत ते वापरू नयेत, अशी सूचना केंद्रीय गृह खात्याच्या नागरी संरक्षण विभागाला काढावी लागली. भोंगा म्हणजे अक्षरशः शंखच; तो वाजत असताना 'हे कोणी सांगितले?' हा प्रश्न मनातही उमटत नाही. पलीकडे पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री इशाक दार यांनी लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने पाकिस्तानी हवाई दलाला आकाशाचा राजा म्हटल्याचे त्यांच्या सिनेटमध्ये सांगितले. फिरत असलेले ते पहिले पान बनावट होते, त्यात स्पेलिंगच्या चुका होत्या आणि हे तिथल्याच 'डॉन'ने उघड केले. दुसरे उदाहरण वाचताना जी गंमत वाटली ती पहिले वाचताना वाटली का, हे वाचकाने स्वतःशी तपासावे.

दोन्ही बाजूंना एकाच वेळी चेतवणारा तिसराच असू शकतो, हेही मुलांना सांगा. २१ मे २०१६ रोजी अमेरिकेत ह्यूस्टनच्या एका इस्लामी केंद्राबाहेर विरोधक आणि समर्थक समोरासमोर उभे ठाकले. दोन्ही निदर्शनांचे आवाहन करणारी फेसबुक पाने सेंट पीटर्सबर्गमधल्या एकाच रशियन कंपनीची होती. आपापल्या बाजूने आलेली माणसे मात्र खरी होती.

पुनरावृत्तीविषयी एवढेच सांगतो की एखादे विधान पुन्हा पुन्हा ऐकले की ते अधिक खरे वाटू लागते, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांत १९७७ पासून दिसून आले आहे. त्यामुळे अफवा खोडून काढताना तिचा मथळा आधी मोठ्याने उच्चारण्याची चूक करू नये. आधी खरे काय ते सांगावे. आणि 'तेव्हा कुठे होतात?' हा प्रश्न आला की दोन मुद्दे वेगळे करावेत. तेव्हा मी कुठे होतो याचे उत्तर द्यायला हरकत नाही, पण त्याने आत्ताच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

साधनांपैकी गूगल लेन्सने छायाचित्राचा जुना मागोवा घेणे मुलांना दहा मिनिटांत येते. चित्रफितीतली एक स्थिर चौकट घेऊन तीही तशीच शोधता येते. सरकारी पडताळणी कक्ष कामाचा असतो, पण दावा सरकारविषयीच असेल तर तो पक्षकार ठरतो. सरकारच्या कारभाराविषयीची माहिती खोटी ठरवण्याचा अधिकार सरकारी कक्षाला देणारी तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, तो निकाल त्यातल्या कारणांसाठीही वाचण्यासारखा आहे. व्यंगचित्र, विडंबन आणि आता हुबेहूब बनावट आवाज यांविषयी लिहायचे तर स्वतंत्र उत्तर लागेल.

घरातल्या भांडणाचे काय? कुटुंबाच्या ग्रुपवर सर्वांसमोर 'हे खोटे आहे' असे लिहू नका. वडिलांना त्यातले सत्य दिसणार नाही, फक्त अपमान दिसेल. फोन करा आणि 'बाबा, हे तुम्हाला कोणी पाठवले?' एवढेच विचारा. पाठवणाऱ्याला कोणी पाठवले, हे त्यांनी स्वतः विचारले तर साखळी बहुधा तिसऱ्या माणसापाशी तुटते आणि ती त्यांच्या हातून तुटलेली असते. भावालाही तेच विचारा, त्याच सुरात.

वर्गासाठी माझा एक गृहपाठ घ्या. आधी मुलांना न पटणाऱ्या बाजूचे प्रचारकी संदेश आणायला सांगा. तासाभरात दहा-दहा येतील. मग स्वतःला पटणाऱ्या बाजूचा एक, फक्त एकच, आणायला सांगा आणि त्यासाठी पूर्ण आठवडा द्या. माझ्याकडे दर वर्षी काही वह्या कोऱ्या परत येतात आणि त्या मुलांची मते वर्गात सर्वांत ठाम असतात.